हीलॉक घेण्याआधी अकराव्या वर्षाचा हप्ता काढून बघा

जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकेत तीस वर्षांच्या मॉर्गेजचा, म्हणजे गृहकर्जाचा, सरासरी दर २.६५ टक्क्यांपर्यंत उतरला होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये तोच ७.७९ टक्क्यांवर गेला. स्वस्ताईच्या त्या दिवसांत ज्यांनी घर घेतलं किंवा रिफायनान्स केलं, म्हणजे जुनं कर्ज फेडून नव्या दराने नवं घेतलं, त्यांना आता स्वयंपाकघर नवं करायचं असो की मुलीच्या कॉलेजची फी भरायची असो, जुनं मॉर्गेज मोडणं परवडत नाही. मोडूही नये. मग ते तसंच ठेवून, घराची किंमत वाढली आहे तिच्यावर वेगळी उचल घेण्याचा विचार होतो. होम इक्विटी लाइन ऑफ क्रेडिट म्हणतात ती हीच. बोलताना सगळे नुसतं हीलॉक म्हणतात.

सोय चांगली आहे. पण जाहिरातीत दिसतो तो पहिल्या वर्षाचा हप्ता, आणि घरखर्च कोलमडतो तो अकराव्या वर्षाच्या हप्त्याने. हे दोन्ही आकडे सही करण्याआधी कागदावर मांडता येतात. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि ते केल्याशिवाय कुणीही अर्ज भरू नये.

उचल कशी चालते

भारतात घर तारण ठेवून ओव्हरड्राफ्ट खातं वापरलेल्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. बँक एक मर्यादा मंजूर करते, समजा १ लाख डॉलर. त्यातून लागेल तेव्हा लागेल तेवढे पैसे चेकने, ऑनलाइन ट्रान्सफरने किंवा कार्डाने काढायचे. व्याज फक्त काढलेल्या रकमेवर, तेही रोजच्या शिलकीवर. १ लाखाची मर्यादा आहे आणि एक पैसाही काढला नाही, तर व्याज शून्य. भरलेलं मुद्दल पुन्हा काढता येतं.

या खात्याला दोन टप्पे असतात. पहिला ड्रॉ पीरियड, बहुधा १० वर्षांचा. या काळात पैसे काढता येतात आणि बऱ्याच करारांत महिन्याला नुसतं व्याज भरलं तरी चालतं. दुसरा रिपेमेंट पीरियड, बहुधा २० वर्षांचा, पण काही बँकांत १५ किंवा १०. तेव्हा उचल बंद होते आणि मुद्दलासकट हप्ता सुरू होतो. काही करारांत दुसरा टप्पाच नसतो: ड्रॉ पीरियड संपला की सगळी बाकी एकरकमी भरायची. याला बलून पेमेंट म्हणतात. करारात हा शब्द दिसला तर तिथेच थांबा. दहा वर्षांनी ८०,००० डॉलर हातात असतील किंवा त्या वेळी दुसरं कर्ज मिळेलच, असं गृहीत धरून घर अडकवू नये.

घर तारण आहे, ही गोष्ट कार्डासारखं खातं वापरताना विसरायला होते. मूळ मॉर्गेजचा पहिला लीन आणि हीलॉकचा दुसरा, असे दोन बोजे काउंटीच्या दफ्तरात नोंदवले जातात. मूळ मॉर्गेज नियमित भरत असलात तरी हीलॉकचे हप्ते थकले, तर ती दुसरी बँकही घराच्या जप्तीची कारवाई करू शकते.

किती मिळेल, आणि किती घ्यावं

बँका घराच्या किमतीच्या ८० किंवा ८५ टक्क्यांपर्यंत एकूण कर्ज देतात. त्यातून मूळ मॉर्गेजची बाकी वजा करायची. घर ६ लाख डॉलरचं आणि मॉर्गेजची बाकी ३.५ लाख असेल तर ८५ टक्क्यांनी एकूण ५.१ लाख, म्हणजे हीलॉक जास्तीत जास्त १.६ लाख. ८० टक्क्यांनी १.३ लाख.

इथली किंमत म्हणजे बँकेने ठरवलेली किंमत. झिलो किंवा रेडफिन या घरांच्या संकेतस्थळांवरचा आकडा नव्हे, आणि शेजाऱ्याचं घर गेल्या उन्हाळ्यात कितीला गेलं तेही नव्हे. बँक कधी संगणकी अंदाजावर भागवते, कधी बाहेरूनच घर बघून जाते, कधी पूर्ण अप्रेझल, म्हणजे मूल्यांकन, करते. अप्रेझल ६ लाखांऐवजी ५.६ लाखांचं आलं, तर ८० टक्क्यांच्या हिशेबात मर्यादा १.३ लाखांवरून थेट ९८,००० होते. किमतीतल्या ४०,००० च्या फरकाने ३२,००० ची उचल जाते. म्हणून अप्रेझल हातात येईपर्यंत कंत्राटदाराशी सही करू नका.

बँक उत्पन्नही बघते. महिन्याचं करपूर्व उत्पन्न १२,००० डॉलर, घराचा हप्ता कर आणि विम्यासह ३,४००, गाडीचा हप्ता ५५० आणि हीलॉकचा पूर्ण हप्ता ९९२ (हा आकडा कसा येतो ते पुढे हप्त्याच्या हिशेबात आहे) धरला, तर एकूण देणं ४,९४२ होतं, म्हणजे ४१ टक्के. बऱ्याच बँका ४३ टक्क्यांच्या आसपास रेघ ओढतात. पण बँकेच्या तक्त्यात डेकेअर नसतं, आईवडिलांच्या विमानाची तिकिटं नसतात, मुलांच्या शिकवण्या नसतात. ही रेघ बँकेची आहे. स्वतःची रेघ बरीच अलीकडे ओढा.

दराची गंमत प्राइममध्ये आहे

हीलॉकचा दर बहुधा बदलता असतो: प्राइम रेट अधिक मार्जिन. फेडरल रिझर्व्हने, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, ठरवलेल्या दरपट्ट्याच्या वरच्या टोकात ३ टक्के मिळवले की प्राइम रेट येतो. प्राइम तुमच्याही हातात नाही आणि तुमच्या बँकेच्याही नाही. कायद्यानेच बँकेला स्वतःच्या ताब्यातला निर्देशांक वापरता येत नाही. मार्जिन मात्र बँक ठरवते, तुमचा क्रेडिट स्कोअर, उचलीची रक्कम आणि घरातला तुमचा हिस्सा बघून. घासाघीस करायची ती मार्जिनवर.

प्राइम किती हलू शकतो हे नुकतंच दिसलं आहे. मार्च २०२२ च्या सुरुवातीला तो ३.२५ टक्के होता आणि जुलै २०२३ अखेर ८.५०. मार्जिन अर्धा टक्का असलेल्या माणसाचा दर सोळा महिन्यांत ३.७५ वरून ९ टक्क्यांवर गेला. ८०,००० डॉलरच्या उचलीवर त्याचं महिन्याचं नुसतं व्याज २५० वरून ६०० डॉलर झालं. त्याने एक डॉलर जास्त काढला नव्हता, एकही हप्ता चुकवला नव्हता.

दराचे आणखी तीन आकडे करारात शोधा. एक, सुरुवातीचा सवलतीचा दर. तो सहा किंवा बारा महिने टिकतो आणि जाहिरातीत तोच मोठ्या अक्षरात असतो. तो संपल्यावरचा दर कोणता, हे महत्त्वाचं. दोन, तळ, म्हणजे प्राइम कितीही उतरला तरी दर याच्या खाली येणार नाही तो आकडा. तीन, आयुष्यभराची कमाल मर्यादा. ती करारात असणं कायद्याने बंधनकारक आहे आणि बऱ्याच ठिकाणी ती १८ टक्के असते. १८ टक्क्यांनी ८०,००० वर महिन्याचं नुसतं व्याज १,२०० डॉलर होतं. तिथपर्यंत वेळ येईलच असं नाही, पण तशी वेळ आणण्याचा हक्क तुम्ही सहीनिशी देत असता.

एपीआरची, म्हणजे बँक जाहीर करते त्या वार्षिक दराची, तुलना करताना एक चूक हमखास होते. होम इक्विटी लोन, म्हणजे एकरकमी आणि स्थिर दराचं कर्ज, त्याच्या एपीआरमध्ये काही खर्च धरलेले असतात. हीलॉकच्या एपीआरमध्ये फक्त व्याजदर असतो. दोन आकडे शेजारी ठेवून हीलॉक स्वस्त दिसलं, तर ते दिसणं फसवं असू शकतं. खर्च वेगळे मांडा.

हप्त्याचा हिशेब

८०,००० डॉलर उचलले, दर ८.५ टक्के. दर वर्षानुवर्षं तेवढाच राहिला असं धरू.

ड्रॉ पीरियडमध्ये नुसतं व्याज: महिन्याला ५६७ डॉलर. दहा वर्षांत भरले ६८,०००, आणि मुद्दल तसंच्या तसं ८०,०००.

अकराव्या वर्षी परतफेड सुरू. मुदत २० वर्षांची असेल तर हप्ता ६९४. १५ वर्षांची असेल तर ७८८. १० वर्षांची असेल तर ९९२. आणि मधल्या काळात दर दोन टक्क्यांनी वाढून १०.५ झाला असेल, तर १० वर्षांच्या मुदतीचा हप्ता १,०७९. म्हणजे ५६७ ची सवय झालेल्या घरात एका महिन्यात जवळजवळ दुप्पट हप्ता येतो. बहुतेकांच्या बाबतीत नेमक्या त्याच सुमारास मूल कॉलेजात जातं किंवा निवृत्ती जवळ आलेली असते.

आता एकूण रक्कम बघा. दहा वर्षं नुसतं व्याज आणि पुढे वीस वर्षं हप्ता, असं केलं तर ८०,००० च्या उचलीवर साधारण १,५४,६०० डॉलर व्याज जातं. तेच पहिल्या महिन्यापासून ९९२ भरून दहा वर्षांत कर्ज मिटवलं, तर व्याज ३९,००० च्या आसपास. बँक तीच, दर तोच, घर तेच. फरक फक्त किमान रक्कम भरण्यात आणि पूर्ण हप्ता भरण्यात आहे.

म्हणून कसोटी सोपी आहे: पहिल्या महिन्यापासून मुद्दलासकट हप्ता भरणं जमणार नसेल, तर तेवढी रक्कम उचलू नका. नुसतं व्याज भरण्याची सवलत नोकरी गेली किंवा घरात आजारपण आलं, तर त्या महिन्यांपुरती राखून ठेवायची असते. ऑटोपे लावताना खिडकीत आपोआप ‘किमान रक्कम’ निवडलेली असते; तिथे स्वतःचा ठरलेला आकडा टाका आणि जादा रक्कम मुद्दलात जमा झाली का, हे पुढच्या स्टेटमेंटवर तपासा. काही बँका बाकीचा एखादा भाग ठरावीक मुदतीसाठी स्थिर दरावर बांधून देतात. मोठी उचल एकदम झाली असेल तर ही सोय वापरण्यासारखी आहे. त्याचं शुल्क आणि किमान रक्कम आधीच विचारून ठेवा.

कशासाठी घ्यावं

जिथे खर्च टप्प्याटप्प्याने येतो आणि शेवटचा आकडा आज सांगता येत नाही, तिथे हीलॉक शोभतं. घराची दुरुस्ती, वाढीव खोली, छप्पर. काम जसं पुढे सरकेल तसे पैसे काढायचे, सगळे पहिल्या दिवशी काढून बचत खात्यात टाकायचे नाहीत. तसं केलं तर न वापरलेल्या पैशांवरही व्याज जातं. कंत्राटदारालाही टप्प्यानेच द्या. कॅलिफोर्नियात तर घरदुरुस्तीच्या कंत्राटदाराला कराराच्या १० टक्के किंवा १,००० डॉलर, यांतलं जे कमी असेल तेवढंच आगाऊ मागता येतं.

रक्कम आजच नक्की माहीत असेल आणि एकदाच लागणार असेल, तर स्थिर दराचं होम इक्विटी लोन बहुधा बरं. हप्ता शेवटपर्यंत बदलत नाही आणि झोप शांत लागते.

क्रेडिट कार्डांची थकबाकी हीलॉकने फेडावी का, हा प्रश्न नेहमी येतो. व्याज कमी होतं हे खरं. पण कार्डाचं कर्ज बिनतारणी असतं. ते थकलं तर क्रेडिट स्कोअर जातो, वसुलीवाले मागे लागतात, खटलाही होतो. तरी घरावर बोजा नसतो. तेच कर्ज हीलॉकमध्ये आणलं की त्याला घर बांधलं जातं. त्यातून कार्डं रिकामी झाल्यावर ती पुन्हा भरली, तर दोन्ही कर्जं मानेवर बसतात. कार्डांवरचा खर्च निदान सहा महिने आटोक्यात ठेवून दाखवल्याशिवाय हा मार्ग धरू नका. गाडी, लग्न, सहल, शेअर बाजार यांसाठी तर मुळीच नको.

मर्यादा गोठू शकते

‘अडीअडचणीला हीलॉक आहेच’ असं म्हणून हाताशी रोकड न ठेवणं धोक्याचं आहे. घराची किंमत लक्षणीय घसरली, किंवा तुमची आर्थिक स्थिती बदलल्याने परतफेड होणार नाही असं बँकेला सकारण वाटलं, तर ती पुढची उचल थांबवू शकते किंवा मर्यादा कमी करू शकते. २००८ नंतर अनेकांच्या बाबतीत हे झालं. २०२० च्या वसंतात वेल्स फार्गो आणि चेस यांनी नवे अर्जच घेणं थांबवलं होतं. पैशांची निकड सगळ्यांना एकदम लागते, त्याच वेळी हा नळ बंद होतो.

‘लक्षणीय’ म्हणजे किती, याला नियमाच्या अधिकृत भाष्यात एक माप दिलेलं आहे आणि ते कळून घेण्यासारखं आहे. घराच्या किमतीतून मूळ मॉर्गेज आणि हीलॉकची पूर्ण मर्यादा वजा केली की जी गादी उरते, ती निम्मी झाली तर घसरण लक्षणीय धरली जाते. आपल्या ६ लाखांच्या घराच्या आणि ३.५ लाख मॉर्गेजच्या उदाहरणात १ लाखाची मर्यादा घेतली तर गादी १.५ लाखांची, घराची किंमत ५.२५ लाखांवर आली की बँकेचा हात मोकळा. पण हौसेने पूर्ण १.६ लाखांची मर्यादा घेतली, तर गादी ९०,००० ची आणि किंमत ५.५५ लाखांवर आली तरी पुरे. म्हणजे साडेसात टक्क्यांची घसरण. जितकी मोठी मर्यादा, तितकी ती लवकर गोठण्याची शक्यता. लागेल त्याहून फार मोठी मर्यादा घेऊन ठेवण्यात शहाणपण नाही ते यासाठीही.

गोठवल्यास बँकेने लेखी कळवावं लागतं. कारण दूर झालं असेल तर मर्यादा पुन्हा सुरू करण्याची मागणी लेखीच करा. हप्ते थकवणं, अर्जात खोटी माहिती देणं, घराचा विमा किंवा मालमत्ता कर न भरणं, यांमुळे मात्र नुसती उचल थांबत नाही. बँक सगळी बाकी एकदम मागू शकते.

एच-१बी व्हिसावर असलेल्यांनी आणखी एक गणित करावं. नोकरी गेली तर नवी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवसांची सवलत असते. भारतात परतावं लागलं तरी हप्ता डॉलरमध्येच चालू राहतो, आणि राहतं घर भाड्याने दिलं तर तारणाच्या अटींना त्याने बाधा येते का, हे करारात वाचावं लागतं. निदान सहा महिन्यांचे दोन्ही हप्ते वेगळ्या खात्यात रोख असल्याशिवाय व्हिसावरच्या कुटुंबाने मोठी उचल करू नये.

कर

हीलॉकचं व्याज करातून वजा होतं, हे वाक्य २०१७ पर्यंत बऱ्याच अंशी खरं होतं. २०१८ पासून, ज्या घरावर कर्ज आहे तेच घर घेण्यासाठी, बांधण्यासाठी किंवा त्यात भरीव सुधारणा करण्यासाठी पैसे वापरले असतील तरच गृहकर्जाच्या व्याजाची वजावट मिळते. २०२५ च्या कायद्याने हा नियम कायम झाला. मूळ मॉर्गेज धरून एकूण ७.५ लाख डॉलरपर्यंतच्या कर्जाचं व्याज धरता येतं; १५ डिसेंबर २०१७ किंवा त्याआधीच्या मॉर्गेजला १० लाखांची जुनी मर्यादा आहे.

छप्पर बदलणं, खोली वाढवणं हे भरीव सुधारणेत बसतं. नुसता रंग देणं सहसा बसत नाही. कॉलेजची फी, गाडी, कार्डांची बाकी नाहीच नाही. वर्षअखेर बँक फॉर्म १०९८ वर व्याजाचा आकडा पाठवते, पण पैसे कुठे गेले हे बँकेला ठाऊक नसतं. ते सिद्ध करणं तुमच्यावर. त्यासाठी हीलॉकमधून कंत्राटदाराला थेट चेक द्या, चेकिंग खात्यात आणून घरखर्चात मिसळू नका, आणि बिलं जपून ठेवा. शिवाय वजावट घ्यायची तर आयटमाइझ करावं लागतं, म्हणजे वजावटी एकेक करून मांडाव्या लागतात. २०२५ साठी पतीपत्नींची एकत्र स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे सरसकट मिळणारी वजावट, ३१,५०० डॉलर होती. तुमच्या वजावटी त्याच्या पुढे जात नसतील तर हीलॉकच्या व्याजाने करात काहीही फरक पडणार नाही.

पुण्याच्या फ्लॅटसाठी?

इथल्या घरावर उचल घेऊन तिकडे फ्लॅट, हा बेत बऱ्याच घरांत शिजतो. कायद्याने अडचण नाही. अनिवासी भारतीय आणि ओसीआय कार्डधारक भारतात घर घेऊ शकतात. गावाकडची शेतजमीन किंवा फार्महाऊस विकत घेऊ शकत नाहीत. अडचण चलनाची आहे. कर्ज डॉलरमध्ये, मालमत्ता रुपयांत. २०१५ च्या सुरुवातीला डॉलर ६३ रुपयांच्या आसपास होता, २०२४ संपताना साडेपंच्याऐंशीच्या. तेव्हा घेतलेला १ कोटीचा फ्लॅट या काळात १.३६ कोटींचा झाला असेल, तर डॉलरमध्ये तो जागच्या जागी आहे. व्याज वेगळं. गृहकर्ज म्हणून त्या व्याजाची इथे वजावटही नाही, कारण पैसे तारण घरात गेलेले नाहीत. फ्लॅट भाड्याने देणार असाल तर भाड्याच्या उत्पन्नासमोर व्याज दाखवता येतं का, हे दोन्ही देशांचे कर सांभाळणाऱ्या सीपीएला, म्हणजे इथल्या परवानाधारक हिशेबनीसाला, पैसे पाठवण्याआधी विचारा.

तरीही करायचंच असेल, तर पैसे बँकेमार्फत एनआरई खात्यात पाठवा, तिथूनच बिल्डरला द्या आणि इनवर्ड रेमिटन्सचा दाखला जपा. पुढे फ्लॅट विकल्यावर, परकीय चलनातून भरलेलं मुद्दल परत अमेरिकेत आणताना हाच कागद मागितला जातो. ही सवलत दोन निवासी घरांपुरतीच आहे.

अर्ज ते सही

निदान तीन ठिकाणी विचारा: मॉर्गेज आहे ती बँक, जवळची क्रेडिट युनियन आणि एखादी ऑनलाइन संस्था. सगळ्यांना एकच रक्कम सांगा आणि उत्तरं लेखी मागा:

- मार्जिन किती, तळ किती, कमाल दर किती? सवलतीचा दर किती महिने?
- ड्रॉ पीरियड आणि रिपेमेंट पीरियड किती वर्षांचे? बलून पेमेंट आहे का?
- किमान हप्ता नुसत्या व्याजाचा की बाकीच्या ठरावीक टक्क्यांचा?
- क्लोजिंगच्या, म्हणजे अंतिम सह्यांच्या, दिवशी किती रक्कम काढावीच लागेल?
- वार्षिक शुल्क, न वापरल्याचं शुल्क, दोन-तीन वर्षांच्या आत खातं बंद केल्याचं शुल्क किती?
- अप्रेझल, टायटल सर्च (मालकीहक्काची तपासणी), नोंदणी यांचा खर्च कुणाचा?

‘नो क्लोजिंग कॉस्ट’ लिहिलेलं असलं, की शेवटून दुसरा प्रश्न पुन्हा विचारा. खातं लवकर बंद केलं तर बँकेने तेव्हा उचललेला खर्च बहुधा परत घेतला जातो. दोन वर्षांत घर विकायचं मनात असेल तर याचा फटका बसतो. न्यूयॉर्क आणि फ्लोरिडासारख्या राज्यांत घरावरच्या कर्जाच्या नोंदणीवर वेगळा कर आहे, तोही धरा.

अर्जाबरोबर जे माहितीपत्रक मिळतं त्यात गेल्या १५ वर्षांचे दर आणि त्यानुसार हप्ते कसे बदलले असते याचा तक्ता असतो, कमाल दराला हप्ता किती तेही असतं. बहुतेक जण तो उलटून टाकतात. १०,००० डॉलरच्या उचलीचा तक्ता आहे. तुमची उचल ८०,००० असेल तर आठाने गुणा. हे माहितीपत्रक हातात पडल्यावर कामकाजाचे तीन दिवस होईपर्यंत परत न मिळणारं शुल्क बँकेला घेता येत नाही. आणि निर्देशांकाची नेहमीची हालचाल सोडून खातं उघडण्याआधी इतर अटी बदलल्या, म्हणून तुम्ही मागे फिरलात, तर भरलेलं सगळं शुल्क परत मिळायला हवं.

कागदपत्रं तयार ठेवा: मॉर्गेजचं ताजं स्टेटमेंट, दोन वर्षांचे डब्ल्यू-२ (वर्षाच्या पगाराचे दाखले), महिन्याभराच्या पे स्टब (पगाराच्या पावत्या), घराच्या विम्याचं डिक्लरेशन पेज, मालमत्ता कराचं बिल, ओळखपत्र, ग्रीन कार्ड किंवा व्हिसाचे कागद.

राहत्या घरावरचं हीलॉक असेल तर सही केल्यावरही तीन दिवस विचार बदलण्याचा हक्क असतो. यात शनिवार मोजतात. रविवार आणि फेडरल सुट्ट्या मोजत नाहीत. गुरुवारी सही केली तर शुक्रवार, शनिवार, सोमवार. सोमवारच्या मध्यरात्रीपर्यंत लेखी कळवून करार रद्द करता येतो, आणि सगळे पैसे परत. फोन करून भागत नाही. म्हणूनच मंगळवारच्या आधी पैसे हातात येत नाहीत. सोमवारी कंत्राटदाराला बोलावून ठेवू नका. भाड्याने दिलेल्या किंवा सुट्टीपुरत्या घराला हा हक्क नाही.

टेक्सासमधल्यांना नियम वेगळे आहेत, आणि ते थेट राज्यघटनेत लिहिलेले आहेत: एकूण कर्ज किमतीच्या ८० टक्क्यांवर जात नाही, अर्जानंतर १२ दिवस थांबावं लागतं, प्रत्येक वेळी निदान ४,००० डॉलर काढावे लागतात, आणि क्लोजिंग बँकेच्या, वकिलाच्या किंवा टायटल कंपनीच्या कचेरीतच होतं. घरी बसून स्वयंपाकघराच्या टेबलावर सह्या होत नाहीत. डॅलस किंवा ह्यूस्टनमध्ये राहून न्यू जर्सीच्या मित्राच्या अटींशी तुलना केली तर गोंधळ होतो तो यामुळे.

बंद करताना

दोन ठिकाणी माणसं अडकतात. पहिलं, मूळ मॉर्गेज रिफायनान्स करताना. जुनं मॉर्गेज फिटलं की दुसऱ्या क्रमांकाचं हीलॉक आपोआप पहिल्या क्रमांकावर सरकतं आणि नवी बँक ते चालवून घेत नाही. हीलॉकवाल्या बँकेकडून सबऑर्डिनेशन, म्हणजे ‘आम्ही दुसऱ्याच क्रमांकावर राहू’ असं लिहून घ्यावं लागतं. त्याला शुल्क पडतं आणि काही आठवडे लागतात. तेवढ्यात रेट लॉक, म्हणजे नवा दर बांधून मिळालेली मुदत, संपू शकतो, म्हणून हा अर्ज रिफायनान्सच्या पहिल्या आठवड्यातच टाका.

दुसरं, बाकी शून्य केल्यावर. शून्य बाकी म्हणजे बंद खातं नव्हे. ड्रॉ पीरियड चालू असेल तर खातं उघडंच राहतं आणि लीनही तसाच राहतो. आधी पेऑफ लेटर मागा. त्यात त्या तारखेपर्यंतचं रोजचं व्याज धरलेलं असतं. स्टेटमेंटवरची रक्कम भरली तर दहा-वीस डॉलर बाकी राहून खातं लटकतं. पैसे भरताना खातं गोठवून बंद करण्याचं सहीचं पत्र द्या, उरलेले चेक फाडून टाका. महिना-दोन महिन्यांनी काउंटीच्या संकेतस्थळावर स्वतःच्या नावाने शोधा आणि लीन सोडल्याची नोंद झाली आहे का, ते बघा. दिसत नसेल तर बँकेला लेखी विचारा, आणि नोंद झालेल्या कागदाची प्रत घराच्या मूळ कागदपत्रांबरोबर ठेवा.